इशारा मिळाला, पण गुरं कुठं बांधायची?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. वेळ नसेल तर सेव्ह करा आणि रात्री वाचा.

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे ‘धोक्याचा इशारा’ हे दोन शब्द रोज छापून येतात. त्यांची खरी किंमत काय असते, ती कोण मोजतं आणि इशारा दिला म्हणजे काम झालं का, याबद्दल मला बरंच काही शिकवलं ते फिलिपाइन्स नावाच्या देशाने. मी तिथे कधी गेलेलो नाही. जाण्याची ऐपतही नाही. पण गेली काही वर्षं त्या देशातल्या ज्वालामुखींची रोजची बुलेटिनं वाचायचं मला व्यसन लागलंय. बायको म्हणते, लोक शेअर बाजार बघतात, तुम्ही डोंगर बघता.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? लाल रंगाचा रस उतारावरून वाहतोय आणि लोक पळतायत. सिनेमाची कृपा. प्रत्यक्षात फिलिपाइन्समध्ये लाव्हाने फार कमी माणसं मेली आहेत. लाव्हा बहुतेक वेळा इतका सावकाश येतो की माणूस चालत पुढे निघून जाऊ शकतो. माणसं मेली ती राखेने, तापलेल्या वायूच्या लोटाने, घराचं छप्पर अंगावर पडून, पावसाच्या चिखलाखाली, बुडालेल्या होडीत आणि मदत छावणीतल्या गोवराने. हे मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नसेल. आपल्याकडे ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट. भारतातला एकमेव जागा ज्वालामुखी, आणि तिथे माणसाची वस्ती नाही. दीडशेहून अधिक वर्षं झोपून १९९१ मध्ये तो पुन्हा उठला, तेव्हा किती पेपरांनी पहिल्या पानावर घेतलं असेल देव जाणे.

फिलिपाइन्सचं तसं नाही. सात हजारांहून अधिक बेटं, अकरा कोटींच्या आसपास लोक आणि सरकारी यादीप्रमाणे २४ जागे ज्वालामुखी. लोक त्यांच्या पायथ्याशी राहतात, उतारावर शेती करतात. आपल्याला वाटतं, काय वेडे आहेत, दुसरीकडे का जात नाहीत? पण राखेची जमीन पिकते. मेयॉनच्या पायथ्याला भात, नारळ आणि अबाका नावाचं दोरखंडाचं पीक, कानलाओनच्या आजूबाजूला ऊस, तालच्या तळ्यात मासे. आणि हसण्याआधी जरा आपल्या पायाखाली बघा. आपली काळी कसदार जमीन, जिच्यावर आपला कापूस पिकतो, ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच भुगा आहे. फरक इतकाच की आपला ज्वालामुखी आपण यायच्या आधी थंड झाला. त्यांचा अजून चालू आहे.

मी यात कसा शिरलो ते सांगतो. जानेवारी २०२०. आमच्या गावात खत-बियाण्याचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी मनिलाजवळच्या एका मेडिकल कॉलेजात शिकत होती. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे डॉक्टरकीला जातात, तुम्हाला ठाऊक आहे. रात्री साडेदहाला हे गृहस्थ दारात उभे. हातात मोबाइल, त्यावर व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ. आगीचे लोळ, विजांचा कडकडाट, मागे भेसूर संगीत आणि हिंदीतून कुणीतरी ओरडतंय की आता मनिला संपणार. “भाऊ, तुम्ही पेपरवाले. खरं काय ते बघून सांगा. पोरीचा फोन लागेना.”

फोन अर्ध्या तासात लागला, पोरगी ठीक होती. पण तोवर मी त्यांच्या ज्वालामुखी खात्याचं पान उघडून बसलो होतो. फिव्होल्क्स म्हणतात त्या संस्थेला. साधं पान. एका डोंगराचं बुलेटिन म्हणजे जेमतेम अर्धा पान मजकूर: गेल्या २४ तासांत भूकंपाचे किती धक्के नोंदले, दिवसाला किती टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतोय, धुराचा लोट किती मीटर उंच गेला, डोंगराची जमीन फुगलीय का बसलीय, सध्या पातळी कोणती, आणि शेवटी कुणी कुठे जायचं नाही आणि पुढे काय होऊ शकतं. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही. मी त्या गृहस्थांना मराठीत वाचून दाखवलं. चौदा किलोमीटरच्या आतली माणसं हलवायला सांगितलंय, मनिला साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, तिथे राख पडेल, मास्क लावायचा, बाहेर पडायचं नाही. त्यांनी खुर्चीवर टेकून पाणी मागितलं. त्या भेसूर व्हिडिओने जे दोन तास त्यांचं रक्त आटवलं होतं, ते या कोरड्या अर्ध्या पानाने थांबवलं.

तो ज्वालामुखी होता ताल. उंची जेमतेम तीनशे मीटर. आपल्याकडे त्याला टेकडी म्हणतील. तळ्यात बेट, बेटावर विवर, विवरात पुन्हा तळं. दिसायला इतका गोड की पर्यटक घोड्यावर बसून विवरापर्यंत जायचे. हाच ताल १९११ मध्ये तेराशेच्या वर माणसं घेऊन गेला होता. १९६५ मध्ये पुन्हा दोनशेच्या आसपास. त्यातली काही पळून जाताना तळ्यात होड्या उलटून बुडाली. १२ जानेवारी २०२० च्या सकाळी त्याची पातळी होती एक. दुपारी अडीचच्या सुमारास दोन झाली, चार वाजता तीन, आणि संध्याकाळी साडेसातला चार. पाच तासांत. चार म्हणजे मोठा उद्रेक काही तासांत किंवा दिवसांत होऊ शकतो. मनिलाचा विमानतळ बंद पडला. बेटावर कायमस्वरूपी राहायला बंदी होती, तरी काही हजार लोक राहत होते. ते होड्यांमधून निघाले. घोडे मागे राहिले.

पुढच्या काही दिवसांत पोलिसांचा पहारा चुकवून माणसं होडीने परत बेटावर जायला लागली, घोड्यांना चारापाणी द्यायला, जिवंत असतील ते बाहेर काढायला. जगभरच्या पेपरांनी राखेत माखलेल्या मेलेल्या घोड्यांचे फोटो छापले. लोक म्हणाले, अरे, जीव धोक्यात घालून घोड्यासाठी कशाला जाता? पण तो घोडा म्हणजे त्या माणसाची रिक्षा होती, दुकान होतं, पोरांच्या शाळेची फी होती.

हे लक्षात ठेवा. याच्याकडे परत यायचंय.

आता थोडं मागे जाऊ. १९९१. लुझोन बेटावर पिनातुबो नावाचा डोंगर होता. पाचशे वर्षं झोपलेला. जंगलाने इतका झाकलेला की तो ज्वालामुखी आहे हे आजूबाजूच्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. उतारावर आएता नावाचे आदिवासी राहायचे. २ एप्रिलला डोंगराच्या अंगावर वाफेचे स्फोट झाले. फिव्होल्क्सचे प्रमुख रेमुंडो पुनोंगबायन होते. त्यांची माणसं आणि अमेरिकेच्या भूगर्भ खात्याची एक तुकडी, असे मिळून मोजमापाला बसले. जुन्या राखेचे थर तपासले तेव्हा कळलं, हा डोंगर क्वचित उठतो, पण उठला की मोठाच उठतो.

पंचवीसेक किलोमीटरवर अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ होता, आणि भोवती लाखोंची वस्ती. शास्त्रज्ञांसमोरचा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. ‘फुटेल’ म्हणून सांगितलं आणि नाही फुटला, तर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. ‘थांबा, अजून मोजतो’ म्हटलं आणि फुटला, तर माणसं मेली. त्या मे महिन्यात त्यांनी पाच पायऱ्यांची इशारा पद्धत तयार केली. कलेक्टरला, महापौराला, शेतकऱ्याला कळेल अशी. आणि एक व्हिडिओ दाखवला. कॅटिया आणि मॉरिस क्राफ्ट हे फ्रेंच नवरा-बायको आयुष्यभर पेटत्या ज्वालामुखींचं चित्रीकरण करत फिरले. लोकांना धोका समजावा म्हणून त्यांनी ही फिल्म केली होती. वायूचा लोट म्हणजे काय, राख पडते म्हणजे काय, चिखलाचा पूर कसा येतो. ती बघून शंका घेणारे अधिकारी गप्प झाले. दुर्दैव बघा, ३ जून १९९१ ला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर वायूच्या लोटात हे दोघे गेले, आणि बारा दिवसांनी त्यांच्या फिल्मने फिलिपाइन्समध्ये जीव वाचवले.

धोक्याचं वर्तुळ आधी दहा किलोमीटर होतं, मग वीस, तीस, शेवटी चाळीस. १० जूनला क्लार्क तळावरून सुमारे पंधरा हजार माणसं हलवली. १५ जूनला पिनातुबो फुटला. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक. राखेचा खांब पस्तीसेक किलोमीटर वर गेला, दुपारी काळोख झाला. डोंगराची उंची अडीचशे मीटरहून जास्त कमी झाली. वर गेलेल्या वायूने पुढचं वर्षभर सगळ्या जगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आणलं.

आणि नेमकं त्याच दिवशी ‘यून्या’ चक्रीवादळ डोक्यावर होतं. कोरडी राख एक वेळ झटकता येते. पावसाने भिजलेली राख म्हणजे ओलं सिमेंट. छपरं कोसळली. उद्रेकाच्या वेळी तीनशेच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक छपराखाली. पुढे छावण्यांमध्ये आजार पसरले. गोवराने आएतांची लहान मुलं गेली, कारण डोंगरात राहणाऱ्या त्या लोकांना कधी लसच मिळालेली नव्हती. सगळे मिळून आकडा सातशे-आठशेच्या घरात जातो.

तरीही अमेरिकी भूगर्भ खात्याचा अंदाज असा की वेळेवर माणसं हलवल्यामुळे निदान पाच हजार जीव वाचले. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, घडलं ती बातमी. न मेलेल्या पाच हजार माणसांची बातमी कशी करायची, हे कुणी शिकवलं नाही. आजही कुणी शिकवत नसावं.

कारण नुसता इशारा नसता तर काय झालं असतं याचं उत्तर सहाच वर्षं आधी जगाने बघितलं होतं. कोलंबियात, १३ नोव्हेंबर १९८५. नेवाडो देल रुईझ नावाचा बर्फाच्छादित ज्वालामुखी रात्री नऊनंतर फुटला. उद्रेक तसा लहानच. पण वरचा बर्फ वितळला, पाण्यात राख आणि दगड मिसळले आणि तो चिखल नदीच्या पात्रातून सुटला. आर्मेरो गावाला पोहोचायला त्याला दोन-अडीच तास लागले. धोक्याचा नकाशा तयार होता. महिनाभर आधी छापून आला होता. त्यात आर्मेरो धोक्यात दाखवलं होतं. संध्याकाळी राख पडली तेव्हा लोकांना सांगण्यात आलं, शांत राहा, घरातच थांबा. एका रात्रीत सुमारे तेवीस हजार माणसं गेली. जवळच्या उंचवट्यावर चालत गेली असती तरी वाचली असती.

त्या चिखलाला लाहार म्हणतात. शब्द इंडोनेशियाच्या जावा बेटावरचा, आता जगभर तोच वापरतात. पिनातुबोची गोष्ट १५ जूनला संपली नाही ती यामुळेच. डोंगरावर राखेचे ढीग पडून होते. पुढची अनेक वर्षं दर पावसाळ्यात ते खाली यायचे. १ ऑक्टोबर १९९५ ला, म्हणजे उद्रेकाला चार वर्षं होऊन गेल्यावर, बाकोलोर गावातली काबालान्तियान ही वस्ती लाहारने गाडली गेली. बाकोलोर डोंगरापासून पस्तीसेक किलोमीटर लांब आहे. तिथलं जुनं चर्च अर्ध्या उंचीपर्यंत गाडलं गेलंय. लोकांनी ते सोडलं नाही. ज्या एकेकाळी खिडक्या होत्या, त्यांतून आता आत जातात.

मेयॉनचंही तेच. जगातला सगळ्यात सुबक शंकूचा डोंगर म्हणून त्याचे फोटो कॅलेंडरवर असतात. १८१४ मध्ये त्याने काग्सावा नावाचं गाव संपवलं, बाराशेच्या आसपास माणसं गेली. चर्चचा एक मनोरा तेवढा उरला, आज तिथे सेल्फी काढतात. पण अलीकडचा मोठा घात बघा. ३० नोव्हेंबर २००६ ला ‘ड्युरियन’ वादळाचा पाऊस मेयॉनवर कोसळला. त्या दिवशी डोंगर फुटला नव्हता. उद्रेक त्याच वर्षी आधी होऊन गेला होता आणि तो निवल्यावर लोक घरी परतले होते. पावसाने वरची राख आणि दगड खाली आणले. हजाराच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. डोंगराने सोडलं, पावसाने धरलं.

आणि उलटंही घडतं. ७ मे २०१३, मेयॉनवर पातळी होती शून्य. शून्य. पावसाचं पाणी आत झिरपलं, तापलेल्या खडकाला लागलं, वाफ झाली आणि प्रेशर कुकरची शिटी उडावी तसं उडालं. वर गेलेले पाच गिर्यारोहक मेले. म्हणजे पातळी शून्य याचा अर्थ ‘काही होणार नाही’ असा नसतो. ‘आमच्या यंत्रांना आत्ता काही दिसत नाही’ एवढाच असतो. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला त्याला इशाऱ्याचं निम्मं शास्त्र कळलं.

आता आपल्याकडे येतो, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच.

मी ज्या भागात बातमीदारी करतो तो घाटाखालचा पट्टा. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बातमी ठरलेली असते: दरडप्रवण वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा. तारीख बदलायची, मजकूर तोच. माळीण ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं. गाव नाहीसं झाल्याचं बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला तर पुढे गावच नव्हतं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. ती तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारने विधिमंडळात सांगितलं. मेयॉनच्या शून्य पातळीची आठवण झाली का? यादीत नाव नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

एका वर्षी अशाच एका वाडीवर गेलो होतो. सतरा-अठरा घरं. नोटीस प्रत्येक घरात पोहोचलेली. एक आजी गोठ्यात शेण काढत होत्या. विचारलं, “आजी, नोटीस आली ना? खाली शाळेत का जात नाही?” त्यांनी हातातलं खराटं बाजूला ठेवलं. “आरं लेकरा, जाती की. मी येकटी आताच्या आता जाती. पर ह्या दोन म्हशी कुटं बांधू ते त्या कागदात कुटं लिवलंय का, बघ जरा.”

मी खरंच कागद बघितला. लिहिलेलं नव्हतं. ‘सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल.’ संपलं. पुढच्या आठवड्यात एका बैठकीत हाच प्रश्न विचारला तर एक साहेब म्हणाले, “आम्ही इशारा दिला होता, लोकच ऐकत नाहीत.” कुठल्या खात्याचे ते महत्त्वाचं नाही. हे वाक्य तुम्हाला कुठल्याही कार्यालयात ऐकायला मिळेल.

म्हणून मला मेयॉन ज्या प्रांतात आहे त्या आल्बायचं कौतुक वाटतं. सगळं आलबेल आहे म्हणून नव्हे. २००६ चे हजार मृत्यू त्यांच्याच अंगणातले आहेत. कौतुक वाटतं ते प्रश्न कुठला विचारायचा हे त्यांना कळलं म्हणून. १९९३ च्या फेब्रुवारीत मेयॉनच्या एका घळीत सत्तरहून अधिक माणसं वायूच्या लोटात गेली. शेतात काम करत होती. त्यानंतर त्या दशकात आल्बायने आपत्तीसाठी कायमचं कार्यालय उघडलं. पावसाळ्यापुरता कंट्रोल रूम नव्हे, बारमाही पगारी माणसांचं कार्यालय. २००६ नंतर वादळ यायच्या आधीच लाहारच्या वाटेवरची गावं रिकामी करायला लागले. आणि मेयॉन जागा झाला की माणसांबरोबर गाई-म्हशी हलवतात, त्यांची वेगळी जागा करतात. त्यांच्याकडे म्हशीला काराबाव म्हणतात. नांगराला तीच, गाडीला तीच. म्हैस वर राहिली की माणूस रात्री लपून वर जातो, आणि तो गेला की सगळा आराखडा कागदावर राहतो.

तरी हेही खरं की छावणीतलं जिणं सोपं नसतं. जून २०२३ मध्ये मेयॉनभोवतीच्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यातून वीस हजारांच्या आसपास माणसं हलवली. छावणी म्हणजे शाळेचे वर्ग. वर्गात माणसं राहिली की पोरांची शाळा बंद. संडास कमी, पाणी कमी, मजुरी बुडालेली. दिवसाचे आठवडे होतात, आठवड्यांचे महिने. आणि डोंगर? तो आपला सावकाश लाव्हा सोडत बसतो, मोठा स्फोट काही करत नाही. ९ डिसेंबर २०२४ ला नेग्रोस बेटावरचा कानलाओन फुटला, सत्त्याऐंशी हजार लोकांना हलायला सांगितलं. ऐन नाताळच्या तोंडावर. किती जणांनी नाताळ शाळेच्या फरशीवर काढला असेल. त्यांच्यासाठी दर दिवसाचं बुलेटिन म्हणजे ‘आजही घरी जायचं नाही’ अशी चिठ्ठी.

म्हणजे इशारा फुकट नसतो. त्याला किंमत असते, आणि ती किंमत इशारा देणारा मोजत नाही. डोंगराखाली राहणारा मोजतो. आपण लांबून वाचणारे तर काहीच मोजत नाही. उद्रेक झाला तर म्हणतो ‘आधी का सांगितलं नाही’, नाही झाला तर म्हणतो ‘उगाच घबराट पसरवली’. पेपरवालेही तसेच. माणसं हलवली आणि डोंगर नाही फुटला, दरड नाही पडली, पूर नाही आला, तर आपण बातमी करतो ‘इशारा फोल ठरला’. खरं तर तो फोल ठरणं हीच देवाची कृपा असते. विमा काढला आणि वर्षभर अपघात झाला नाही म्हणून कुणी रडतं का?

फिलिपाइन्स हा काही श्रीमंत देश नाही. भ्रष्टाचार आहे, गरिबी आहे, वादळं तर वर्षाला वीसच्या आसपास येतात. तालच्या बेटावर बंदी असून माणसं राहत होती, म्हणजे कागद आणि जमीन यांतलं अंतर तिथेही आहे. तिथले पत्रकारही बोंब मारत असतील. पण एक गोष्ट त्यांनी धरून ठेवलीय. रोजचं अर्धा पान, सोप्या भाषेत, शेवटी काय करायचं ते लिहिलेलं, कुणालाही उघडून वाचता येईल असं. आपल्याकडे दरडीच्या यादीत आपली वाडी आहे का, नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषेत आपलं घर येतं का, हे शोधायला माणसाला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये, एवढीच माझी मागणी आहे. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. दर वर्षी. लसीकरणाच्या जाहिराती रंगवतो तशी.

ज्यांची मुलं तिकडे शिकताहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. व्हिडिओ बघून घाबरू नका. ज्वालामुखीचं नाव विचारा, मुलाचं कॉलेज तिथून किती किलोमीटरवर आहे ते नकाशात बघा, आणि त्यांच्या सरकारी खात्याचं त्या दिवसाचं बुलेटिन वाचा. इंग्रजी सोपं असतं. राख पडत असेल तर चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायच्या, पाण्याची टाकी झाकायची. पाऊस असेल तर नदीनाल्याच्या काठी जायचं नाही, डोंगर शांत असला तरी.

आणि आपल्यासाठी. येत्या जूनमध्ये नोटिसा निघतील. तुमच्या तालुक्यात निघाल्या तर सरपंचाला, तलाठ्याला, आमदाराला आणि आम्हा पत्रकारांना फक्त चार प्रश्न विचारा. कधी निघायचं, हे कोण आणि कसं सांगणार? रात्री दोनला सांगायचं झालं तर कसं? जायचं कुठे, आणि तिथे संडास-पाणी आहे का? बुडालेल्या मजुरीचं काय? आणि गुरं कुठं बांधायची?

चौथ्याचं उत्तर मिळालं, तर समजा इशारा पोहोचला.